भाडं येत नाही, घरही सोडत नाहीत: घरमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान महाराष्ट्रातल्या त्या घरमालकांसाठी आहे ज्यांचा एखादा फ्लॅट, चाळीतली खोली किंवा वाड्यातला एक भाग भाड्याने दिलाय आणि आता पैसे येणं बंद झालंय किंवा मुदत संपून पण समोरचा हलत नाहीये. प्रश्न आलेत तसेच ठेवलेत, एकाच अर्थाचे फक्त एकत्र केलेत. बहुतेक जणांचा पहिला प्रश्न "कुलूप लावू का" हाच असतो आणि आमचं पहिलं उत्तर "आधी कागद काढा" हेच असतं, कारण तुमच्याकडे कोणता कागद आहे त्यावरच कुठल्या दारात जायचं आणि किती वेळ लागणार हे ठरतं. कलमांचे नंबर वकिलाशी बोलताना उपयोगी पडावेत म्हणून दिलेत, तुमच्या केसचा सल्ला मात्र कागद दाखवूनच घ्या.

१. भाडेकरू आणि लायसन्सी यात नेमका काय फरक? आम्ही तर सगळ्यांना भाडेकरूच म्हणतो.

बोलताना सगळेच म्हणतात, पण कोर्टात फरक खूप मोठा आहे. लिव्ह अँड लायसन्समध्ये तुम्ही समोरच्याला (म्हणजे लायसन्सीला) ठरावीक मुदतीसाठी फक्त वापरायची परवानगी देता, जागेत त्याचा हक्क तयार होत नाही. भाडेपट्टा किंवा जुनी तोंडी भाडेकरारी असेल तर मात्र तो कायद्याने संरक्षित भाडेकरू असतो आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मधली कारणं सिद्ध केल्याशिवाय त्याला काढता येत नाही. हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. जुन्या लोकांच्या मनात लिव्ह अँड लायसन्सबद्दल जी भीती आहे ती आधीच्या बॉम्बे रेंट कायद्यातल्या १९७३ च्या दुरुस्तीमुळे, तेव्हा १ फेब्रुवारी १९७३ ला जे लायसन्सवर राहत होते त्यांना थेट भाडेकरूचा दर्जा मिळाला होता. आज तसं काही होत नाही, करार नीट केला असेल तर आज घरमालकाच्या हातात सगळ्यात भक्कम कागद हाच आहे.

२. करार ११ महिन्यांचाच आहे, मग रजिस्टर करायची गरज नाही ना? स्टॅम्प पेपरवर नोटरी केलंय.

गरज आहे. एक वर्षापेक्षा कमी मुदतीला नोंदणी लागत नाही हा केंद्राच्या नोंदणी कायद्यातला नियम, त्यावरून ११ महिन्यांची पद्धत पडली, पण महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी आणि रजिस्टर्डच लागतो, मुदत कितीही असो. आणि नोंदणी करायची जबाबदारी घरमालकाची आहे, एजंटची नाही. न केल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण खरी शिक्षा वेगळीच आहे: करार रजिस्टर नसेल तर अटींबद्दल समोरचा जे सांगेल तेच खरं धरलं जातं, ते खोटं आहे हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. तो म्हणाला भाडं २० हजार नाही ८ हजार ठरलं होतं, तर पुरावे शोधत तुम्ही फिरायचं.

आणि खर्च म्हणाल तर मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या ०.२५ टक्के. समजा भाडं २०,००० आणि परत करायचं डिपॉझिट १ लाख, तर ११ महिन्यांचं भाडं २,२०,००० आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून साधारण ९,००० म्हणजे शुल्क ६०० च्या आतबाहेर येतं, वर नोंदणी फी शहरात १,०००. घरबसल्या आधार आणि अंगठा देऊन ऑनलाइन होतं. एवढे पैसे वाचवून लोक पुढे वर्षं घालवतात, ते बघून खरंच वाईट वाटतं.

३. एकच महिना भाडं आलेलं नाही. लगेच नोटीस पाठवू की थांबू?

वकिलाची नोटीस लगेच नको, पण लेखी आठवण त्याच आठवड्यात पाठवा. व्हॉट्सॲपवर साधं दोन ओळींचं चालेल: अमुक महिन्याचं इतकं भाडं बाकी आहे, अमुक तारखेपर्यंत द्या. त्याचं जे उत्तर येतं, "पगार झाला की देतो" वगैरे, ते पुढे थकबाकी मान्य केल्याचा पुरावा ठरतं, म्हणून चॅट डिलीट करू नका. फोनवर दहा वेळा बोललेलं कोर्टात काही कामाचं नाही. दुसरा महिनाही गेला की मग नोटीस, थांबू नका. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक अवघड केसेसमध्ये सहा सात महिने "माणूस ओळखीचा आहे" म्हणून गेलेले असतात आणि तोवर डिपॉझिट संपलेलं असतं.

४. नोटीस कशी द्यायची? तो पोस्टमनकडून पाकीट घेतच नाही.

जागेचा पत्ता, कराराची तारीख, कोणत्या महिन्यांचं किती बाकी, किती दिवसांत द्यायचं आणि न दिल्यास काय करणार एवढं स्पष्ट असलं पाहिजे, शिव्याशाप आणि जुनी उणीदुणी नकोत. पोचपावतीसह पोस्टाने, भाड्याच्या जागेवर आणि करारात असलेल्या कायमच्या पत्त्यावर अशी दोन्हीकडे पाठवा. ईमेल आणि व्हॉट्सॲपवरही टाका, पण पोस्टाच्या बदल्यात नाही, जोडीला. पाकीट "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत आलं तर ते न उघडता तसंच जपून ठेवा. बरोबर पत्त्यावर पाठवलेलं पोस्ट पोचलं असं कायदा गृहीत धरतो, त्यामुळे दार न उघडून कोणी वाचत नाही. भाडेकरू जुना असेल तर मुदत वेगळी आहे, प्रश्न १२ बघा.

५. डिपॉझिट आहे ना, त्यातून भाडं कापत राहू का?

कापता येतं, पण गुपचूप नको. डिपॉझिट हे शेवटच्या हिशोबासाठी असतं, म्हणजे मोडतोड, लाइट बिल, मेंटेनन्स आणि बाकी भाडं. दर महिन्याला आपोआप त्यातून जाऊ दिलं तर तीन महिन्यांत तुमच्या हातात काहीच उरत नाही आणि समोरच्याला घर सोडायचं कारणही उरत नाही. म्हणून वळतं करायचंच असेल तर लेखी कळवा की इतके वळते केले, इतके शिल्लक, डिपॉझिट अमुक तारखेपर्यंत परत पूर्ण करा. काही जण शेवटचे दोन महिने "डिपॉझिटमध्ये धरा" म्हणतात, तिथे आधी घर बघून या, मग हो म्हणा.

हेवी डिपॉझिटवर दिलेल्या घरात महिन्याचं भाडंच नसतं त्यामुळे थकबाकीचा मुद्दा येत नाही, तिथे भांडण मुदत संपल्यावरचं असतं आणि बऱ्याचदा पैसे मालकाकडेच अडकलेले असतात. तुम्ही डिपॉझिट परत द्यायला तयार नसाल तर ताबा मागताना अडचण येणारच.

६. मी मालक आहे. कुलूप बदललं, लाइट पाणी तोडलं तर काय होईल?

नका करू. हे आम्ही कितीही वेळा लिहायला तयार आहोत. मालकी तुमची असली तरी ताबा त्याचा आहे आणि ताबा कायदेशीर मार्गानेच काढून घेता येतो. तुम्ही जबरदस्तीने बाहेर काढलं तर तो सहा महिन्यांच्या आत विशिष्ट अनुतोष कायदा १९६३ च्या कलम ६ खाली दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात मालक कोण हे बघितलंच जात नाही, फक्त कोणाला कसं काढलं एवढंच बघतात. लाइट, पाणी, जिन्यातला दिवा, लिफ्ट या अत्यावश्यक सोयी तोडायला १९९९ च्या कायद्याच्या कलम २९ प्रमाणे बंदी आहे आणि तो गुन्हा आहे. वर सामान बाहेर फेकलं तर दागिने, रोकड गेल्याची तक्रार येणार. म्हणजे ज्याने वर्षभर भाडं बुडवलं तो फिर्यादी आणि तुम्ही आरोपी.

तो लाइट बिल भरत नसेल आणि मीटर तुमच्या नावावर असेल तर बिल तुम्ही भरा आणि थकबाकीत धरा. वीज कंपनीला स्वतः अर्ज करून कनेक्शन तोडायला लावणं हे पण तोडणंच.

७. पोलिसात गेलो तर ते म्हणतात हे सिव्हिल मॅटर आहे. बरोबर आहे का?

भाडं न देणं आणि घर न सोडणं एवढंच असेल तर हो, बरोबर आहे, पोलीस ताबा मिळवून देऊ शकत नाहीत. पण धमकी, मारहाण, खोटी कागदपत्रं, तुमची सही करून बनवलेला करार, जागेत बेकायदा धंदा असं काही असेल तर तो फौजदारी विषय आहे, त्याची वेगळी लेखी तक्रार द्या आणि त्यात भाड्याचं रडगाणं मिसळू नका नाहीतर सगळंच सिव्हिल म्हणून परत येतं. भाडेकरूची माहिती पोलीस स्टेशनला द्यायचे आदेश शहराशहरात पोलीस काढत असतात, ती माहिती दिली नसेल तर तक्रारीला जाण्याआधी ते काम पूर्ण करा.

८. लिव्ह अँड लायसन्स संपलंय, तो निघत नाही. कुठे जायचं?

राहण्यासाठी दिलेली जागा असेल तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे. हा भाडे नियंत्रण कायद्याखाली सरकारने नेमलेला अधिकारी असतो, नेहमीचं दिवाणी कोर्ट नाही, आणि घरमालकासाठी हा सगळ्यात जवळचा रस्ता आहे. अर्ज कलम २४ खाली करायचा. सोबत रजिस्टर्ड करार, मालकीचा पुरावा म्हणजे इंडेक्स टू किंवा शेअर सर्टिफिकेट, नोटीस आणि तिची पोच, भाड्याच्या एंट्र्या असलेलं बँक स्टेटमेंट.

पुढे काय होतं ते नीट समजून घ्या कारण इथेच फायदा आहे. समोरच्याला समन्स जातं. ते मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याला प्रतिज्ञापत्र देऊन केस लढवायची परवानगी मागावी लागते, म्हणजे लढायचा हक्क त्याला आपोआप मिळत नाही, त्याच्याकडे खरंच काही मुद्दा आहे हे आधी दाखवावं लागतं. परवानगी मागितली नाही किंवा मिळाली नाही तर तुमच्या अर्जातलं म्हणणं त्याने मान्य केलं असं धरून ताब्याचा आदेश होतो. शिवाय लेखी करारात जे लिहिलंय ते निर्णायक पुरावा मानायचं असं कलम २४ च्या स्पष्टीकरणातच आहे, त्यामुळे "आम्ही तर भाडेकरू आहोत, वीस वर्षांचं ठरलं होतं" ही गोष्ट तिथे टिकत नाही. दिवाणी कोर्टात जाऊन हे अडवायलाही कायद्याने बंदी आहे.

आदेशावर अपील नाही, ९० दिवसांत फेरतपासणीचा अर्ज करता येतो आणि त्यानंतर कोणी हायकोर्टात रिट घेऊन जातं. आदेश हातात आला म्हणजे ताबा आला असं नाही, तो अजूनही निघाला नाही तर अंमलबजावणीचा वेगळा अर्ज आणि पोलीस बंदोबस्त लागतो. वेळ म्हणाल तर समन्स लवकर बजावलं गेलं तर काही महिन्यांत होतं, नाहीतर वर्ष जातं, आणि उशीर बहुतेक वेळा समन्स बजावण्यातच होतो म्हणून समोरच्याचे सगळे पत्ते, ऑफिसचा पण, पहिल्याच दिवशी द्या.

करार रजिस्टर नसेल तर दार पूर्ण बंद होत नाही, पण प्रश्न २ मध्ये सांगितलं तसं ओझं तुमच्यावर येतं.

९. मुदत संपल्यावर दुप्पट भाडं मिळतं म्हणतात, खरंय का?

खरंय. मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याने करारातल्या लायसन्स फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यायची असं कलम २४ मध्येच आहे. २०,००० फी असेल तर मुदत संपल्या दिवसापासून महिन्याला ४०,०००. अर्जात ही मागणी विसरू नका. पण हे मुदतीनंतरच्या काळाचं आहे, मुदतीच्या आतली थकबाकी ही वेगळी वसुली. आधी डिपॉझिटमधून वळती करायची, उरली तर पैशांचा दावा, आणि त्याची मुदत भाडं देय झाल्यापासून ३ वर्षं. व्यवहारात तुमची खरी ताकद अशी की हा दुप्पटचा आकडा नोटिशीत हिशोब करून लिहिला की बरेच लोक कोर्टाआधीच निघतात.

१०. करार संपायला अजून सात महिने आहेत आणि भाडं आत्ताच बंद झालंय. आता?

हा खरा अवघड प्रकार. कलम २४ चे शब्द "मुदत संपल्यावर" असे आहेत, म्हणून मधेच जायचं असेल तर आधी करारानुसार लायसन्स रद्द करावं लागतं. करारात "लागोपाठ इतके महिने फी न दिल्यास नोटीस देऊन लायसन्स रद्द करता येईल" असं कलम आहे का बघा, असेल तर त्यात दिलेले नोटिशीचे दिवस अगदी काटेकोर पाळा, एक दिवस कमी पडला तरी समोरचा वकील तिथेच पकडतो. आणि मुदत संपलीच नाही हा आक्षेप तो घेणारच, त्याची तयारी ठेवा. कलमच नसेल तर वकिलाला कागद दाखवून ठरवा की दिवाणी मार्गाने जायचं की मुदत संपायची वाट बघायची. दोन तीन महिनेच उरले असतील तर वाट बघून प्रश्न ८ चा रस्ता धरणं बऱ्याचदा लवकर पोचवतं.

पुढच्या करारात दोन महिने चुकले तर रद्द हे कलम, आणि मालकासाठी सहा सहा महिन्यांचा लॉक इन (तेवढ्या काळात करार संपवता येणार नाही अशी अट) नको, एवढं स्वतः वाचून घ्या. एजंटच्या छापील मसुद्यात लॉक इन दोन्ही बाजूंना असतो आणि लोक न वाचता अंगठा लावतात.

११. दुकानाचा गाळा लायसन्सवर दिलाय. सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येईल?

नाही, कलम २४ फक्त राहण्याच्या जागेसाठी आहे. गाळा, ऑफिस, गोडाऊन असेल तर मुंबईत आणि पुण्यात लघुवाद न्यायालयात दावा, आणि जिथे हे कोर्ट नाही तिथे दिवाणी न्यायाधीशांसमोर. दुप्पट नुकसानभरपाई आपोआप मिळत नाही, म्हणून करारातच मुदतीनंतर रोजची किती रक्कम लागेल ते लिहून ठेवा.

१२. आजोबांच्या काळातला भाडेकरू आहे, पागडीची खोली. भाडं अगदी किरकोळ आणि तेही तीन वर्षं दिलेलं नाही. काढता येईल का?

थकबाकीवर काढता येतं, पण कायदा त्याला दोन संधी देतो आणि दोन्ही समजून घ्या. पहिली, तुम्ही लेखी मागणीची नोटीस द्यायची आणि ती पोचल्यापासून ९० दिवस थांबायचं, त्याआधी दावाच लावता येत नाही. दुसरी, दावा लावल्यावर समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत त्याने सगळी थकबाकी, त्यावर वर्षाला १५ टक्के साधं व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला, आणि पुढे निकालापर्यंत दर महिन्याचं भाडं नियमित भरत राहिला, तर थकबाकीच्या कारणावर त्याला काढता येत नाही. हे सगळं कलम १५ मध्ये आहे.

आता भाडं जर महिन्याला दोनशे तीनशे असेल तर तीन वर्षांची थकबाकी व्याजासकट भरणं त्याला काहीच जड नाही, त्यामुळे अशा केसमध्ये फक्त थकबाकीवर विसंबू नका. पण बरेच भाडेकरू एकदा भरतात आणि मग केस रेंगाळली की दरमहा भरणं विसरतात, तिथे त्यांचं संरक्षण जातं, म्हणून कोर्टात भरलेल्या पैशांची नोंद तुम्ही महिन्याच्या महिन्याला बघत राहा. नोटिशीत रक्कम बरोबर लिहा. कायद्याने दरवर्षी ४ टक्के वाढ मिळते, ती कधी मागितलीच नसेल आणि एकदम मनाला येईल तो आकडा टाकला तर नोटीसच वादात सापडते.

आणि पावती द्या. भाड्याची लेखी पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. पावतीपुस्तक नसेल तर तो म्हणणार "मी दर महिन्याला रोख दिलं" आणि तुमच्याकडे दाखवायला काही नसणार.

१३. भाडं वेळेवर मनीऑर्डरने येतं पण खोली वर्षभर बंद आहे / दुसराच कोणी राहतोय. मग?

मग कारण भाड्याचं नाही, कलम १६ मधलं. दावा लावायच्या आधी सलग सहा महिने योग्य कारणाशिवाय जागा ज्या कामासाठी दिली त्यासाठी वापरलीच नाही, हे एक कारण. पुरावा म्हणजे वीजबिलातले शून्य किंवा अगदी कमी युनिट, शेजाऱ्यांची साक्ष, त्याच्या नव्या घराची कागदपत्रं, मतदारयादी. दुसऱ्याला बेकायदा पोटभाड्याने दिली हे वेगळं कारण. परवानगीशिवाय कायमचं बांधकाम, शेजाऱ्यांना त्रास, आणि तुम्हाला स्वतःला जागेची खरीखुरी गरज असणं ही पण कारणं आहेत, फक्त गरजेच्या बाबतीत कोर्ट दोघांपैकी कोणाला जास्त त्रास होईल ते तोलून बघतं, त्यामुळे "मुलाचं लग्न ठरलंय" एवढ्यावर होत नाही, तुमच्याकडे दुसरी जागा आहे का हे विचारलं जाणारच.

१४. नोटीस दिल्यावर त्याने अर्धे पैसे ट्रान्सफर केले. घेऊ की परत पाठवू?

घ्या, पण त्याच दिवशी लेखी कळवा की ही रक्कम हक्काला बाधा न येता स्वीकारली, जुन्या थकबाकीत धरली, आणि नोटीस मागे घेतलेली नाही. मुदत संपल्यानंतर येणारे पैसे असतील तर ते नुकसानभरपाई म्हणून घेतले असं लिहा, "भाडं मिळालं, धन्यवाद" असं नाही. एवढ्या एका मेसेजवरून समोरचा म्हणू शकतो की मालकाने मुदत वाढवून दिली. जुन्या भाडेकरूने देऊ केलेलं भाडं मात्र रागाने नाकारू नका, "मी द्यायला तयार होतो, यांनीच घेतलं नाही" हा त्याचा बचाव तुम्हीच तयार करून देता.

१५. पुढच्या तारखेचे चेक घेतले होते, दोन बाऊन्स झाले.

चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून १५ दिवसांत त्याने पैसे द्यायचे, नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात फौजदारी कोर्टात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट या चेकच्या कायद्यातल्या कलम १३८ ची तक्रार. तारखा चुकल्या तर केस जाते. याने पैशांचा दबाव येतो, ताबा मिळत नाही, ताब्यासाठी प्रश्न ८ किंवा १२ चा रस्ता वेगळा चालवावा लागतो. दोन्ही एकाच वेळी करता येतं.

१६. भाडेकरू कुलूप लावून गायब आहे, फोन बंद, सामान आत.

कुलूप तोडायचा मोह सगळ्यात जास्त इथेच होतो. सामान आत आहे म्हणजे ताबा त्याचाच आहे, प्रश्न ६ इथेही लागू. कायमच्या पत्त्यावर आणि ऑफिसच्या पत्त्यावर नोटीस, पोलीस स्टेशनला माहिती म्हणून अर्ज, सोसायटीला पत्र, आणि मग ताब्याचा अर्ज. तो सापडत नाही हे दाखवलं की दारावर चिकटवून समन्स बजावायची परवानगी मागता येते आणि तो हजर झालाच नाही तर आदेश तुलनेने लवकर होतो. कुलूप बेलिफ उघडतो, पंचनामा होतो, सामानाची यादी होते, आणि मग कोणी काही म्हणू शकत नाही. आतून वास येतोय, पाणी गळतंय, गॅसची शंका आहे अशी तातडी असेल तर पोलिसांना बोलवून त्यांच्यासमोरच उघडा.

१७. भाडेकरू वारला. त्याचा मुलगा म्हणतो आता मी भाडेकरू.

लायसन्स असेल तर ते त्या माणसापुरतं होतं, वारसांकडे जात नाही, पण घरच्यांना सावरायला थोडा वेळ द्या आणि तो वेळ लेखी ठरवा. जुनी भाडेकरारी असेल तर मृत्यूच्या वेळी सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरूचा हक्क मिळू शकतो. अमेरिकेतून आलेला पुतण्या चाव्या घेऊन बसला तर तो त्यात बसत नाही.

१८. बारा वर्षं झाली की भाडेकरू मालक होतो का?

नाही. बारा वर्षांचा नियम मालकाच्या विरोधात, उघडपणे, स्वतःचा हक्क सांगून ताबा ठेवणाऱ्यासाठी आहे. भाडेकरू किंवा लायसन्सी तुमच्या परवानगीनेच आत आलाय, नुसती वर्षं मोजून त्याला मालकी मिळत नाही. धोका आहे तो कागद नसण्यात. करार हरवला, भाडं रोख, पावती नाही, लाइट बिल आणि रेशनकार्ड त्याच्या नावावर, मग तो परवानगीने आला होता हेच तुम्हाला दाखवता येत नाही. म्हणून ओळखीच्या माणसाला फुकट राहायला दिलं तरी कागद करा.

१९. सोसायटी त्याला बाहेर काढू शकते का? निदान लिफ्ट बंद करायला सांगू?

नाही आणि नाही. सोसायटीचा व्यवहार तुमच्याशी आहे, भाडेकरूला काढायचा अधिकार तिला नाही, आणि लिफ्ट पाणी बंद करणं कलम २९ मध्येच येतं. त्याने मेंटेनन्स भरला नाही तर सोसायटी तुमच्याकडूनच वसूल करणार. ना-वापर शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते ते, सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, जास्त लावत असतील तर वाद घाला.

२०. नवीन कायदा आलाय, दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही असा मेसेज फिरतोय.

तो मेसेज केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्याबद्दल आहे, केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मंजूर केलेला तो एक नमुना आहे. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो आणि या पानावरचं सगळं त्यावरच आहे.

२१. मी दुबईत/अमेरिकेत आहे, फ्लॅट पुण्यात. दर तारखेला यावं लागेल का?

नाही. भावाच्या किंवा विश्वासातल्या कोणाच्या नावाने या कामापुरतं कुलमुखत्यारपत्र करा, भारतीय वकिलातीसमोर, किंवा ज्या देशात अपॉस्टिल (कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) मिळतं तिथे नोटरीसमोर करून ते लावून, आणि इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. त्यात नोटीस देणे, अर्ज दाखल करणे, वकील नेमणे, तडजोड करणे, ताबा घेणे हे सगळं शब्दात असू द्या. एक अडचण लक्षात ठेवा, जे फक्त तुम्हालाच माहीत आहे त्याची साक्ष मुखत्यार देऊ शकत नाही. म्हणून करार करतानाच, भाडं ठरवताना, चावी देताना तोच माणूस हजर असला तर पुढे सोपं जातं.

२२. फ्लॅट एका कंपनीला भाड्याने दिलाय, तिने पैसे बंद केले. तिला पण हे ९० दिवस वगैरे मिळतात?

बँका, सरकारी कंपन्या, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि ज्यांचं भरणा झालेलं भागभांडवल १ कोटी किंवा जास्त आहे अशा प्रायव्हेट आणि पब्लिक लिमिटेड कंपन्या भाडेकरू असतील तर त्यांना भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण नाही. तिथे मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे, म्हणजे महिन्याची भाडेकरारी असेल तर १५ दिवसांच्या नोटिशीने संपवून दावा. भांडवलाचा आकडा कंपनी निबंधकाच्या साइटवर मिळतो, नोटिशीच्या तारखेचा काढून ठेवा. भागीदारी फर्म किंवा एकट्याचा धंदा असेल तर हे लागू नाही, तो साधा भाडेकरू.

२३. त्याची नोकरी गेलीय, लहान मुलं आहेत, माणूस वाईट नाही. पण माझा पण हप्ता याच भाड्यावर आहे. कोर्टाशिवाय काही होईल का?

होतं, आणि शक्य असेल तर हेच आधी करा. समोरासमोर बसा आणि पैसे की घर यातलं तुम्हाला आधी काय हवंय ते मनाशी ठरवून बसा. थकलेल्या तीन महिन्यांच्या मागे लागण्यापेक्षा "अमुक तारखेला घर रिकामं करून द्या, एका महिन्याचं सोडतो, बाकी डिपॉझिटमधून" यात बहुतेक मालकांचं नुकसान कमी होतं, कारण रिकामं घर पुढच्या महिन्यात पुन्हा भाड्याने जातं. मुलांची परीक्षा असेल तर तारीख परीक्षेनंतरची धरा, तेवढी माणुसकी दोघांनाही परवडते. पण ठरलेलं कागदावर, दोघांच्या सह्या, तारीख, रक्कम, न पाळल्यास काय. अर्ज आधीच दाखल असेल तर हीच तडजोड तिथे लेखी सादर करून तिच्यावर आदेश घ्या म्हणजे तो फिरला तर नव्याने सुरुवात करावी लागत नाही.

पैशाची अडचण तुमच्याकडे असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, आणि महिलांना उत्पन्नाची अट नाही. भाड्यावर घर चालवणाऱ्या कितीतरी विधवा बायकांना हे माहीतच नसतं.

२४. घर गोव्यात आहे, हेच नियम का?

नाही, तिथे १९६८ चा वेगळा भाडे नियंत्रण कायदा आहे आणि प्रकरण रेंट कंट्रोलरकडे जातं. वकील तिथलाच बघा.

२५. घर माझ्या नावावर, मुलगा सून राहतात, खर्च देत नाहीत आणि मला त्रास देतात. ते भाडेकरू धरले जातील का?

नाही, त्यांच्याकडून भाडं ठरलेलं नाही आणि वरचं काहीच त्यांना लागू नाही. तुम्ही साठीच्या पुढे असाल तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याखाली प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, तिथे वकिलाशिवायही जाता येतं. निर्वाहाची रक्कम मागता येते, आणि त्रास सिद्ध झाला तर घर रिकामं करून देण्याचे आदेशही झालेले आहेत. मात्र सून तिथे राहत असेल तर तिचा कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा राहण्याचा हक्क पण बघितला जातो, म्हणून अर्जात सगळी माणसं आणि सगळ्या घटना तारखेसकट खऱ्या लिहा. घर बक्षीसपत्राने मुलाच्या नावावर करून दिलं असेल तर त्या कागदात सांभाळ करण्याची अट होती का ते आधी बघा, अट असेल तर ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं.